केबल कंपनीत माणसं कमी करतायत? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

केबल आणि ब्रॉडबँडच्या कामावर घर चालवणारी माणसं सीमाभागात गावोगावी आहेत. कोणी लाइनवर आहे, कोणी स्प्लायसिंग म्हणजे फायबरची जोडणी करतो, कोणी वसुली बघतो, कोणी कॉल सेंटरला बसते. ‘पुनर्रचना’ हा शब्द कानावर आला की सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. स्वतःसाठी वाचा आणि शेजारच्या सेक्शनमधल्या माणसालाही वाचायला द्या.

कंपनी तर चालू आहे, बोर्डही तोच आहे. मग माणसं का कमी करतात?

कारणं खरी आहेत, ती आधी समजून घ्या. देशात पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. हे आकडे केबलवाल्यांच्याच संघटनेने, ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशनने, ईवाय या सल्लागार कंपनीबरोबर केलेल्या २०२५ च्या अहवालातले आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. पोरं मॅच फोनवर बघायला लागली, आणि खेड्यात ज्याला महिन्याचे पैसे जड वाटले त्याने फ्री डिशची छत्री लावली.

दुसरं कारण लाइनमध्येच आहे. जुन्या कोॲक्सियल केबलला थोड्या थोड्या अंतरावर ॲम्प्लिफायर लागायचा आणि त्याला वीज लागायची. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हेस्कॉमची लाइट गेली की सिग्नल गेला, आणि शिडी घेऊन माणूस गेलाच पाहिजे. फायबर घरापर्यंत आलं की मध्ये वीज लागणारं काही उरत नाही. बिघाड कमी, म्हणून फिरती कमी. रिचार्ज ॲपवर गेल्यावर वसुलीचं कामही आटलं. ३१ मार्च २०१७ ला डिजिटायझेशनचा चौथा टप्पा संपला, तेव्हापासून गावागावातल्या कंट्रोल रूमची गरजही कमी होत गेली.

धंदा बदलला तो तुमच्या कामात खोट होती म्हणून नव्हे. वीस वर्षं पावसात खांबावर चढलेल्या माणसाने मान खाली घालून ऑफिसबाहेर पडायचं काही कारण नाही. आणि धंदा बदलला म्हणून तुमचे हक्काचे पैसे बुडवायची मुभा कंपनीला मिळत नाही.

एचआरने बोलावून सांगितलं, ‘राजीनामा लिहून द्या, सगळं नीट सेटल करू.’ द्यावा का?

नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

कंपनीने काढलं तर कायद्याने ती ‘कपात’ होते. त्यात एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळतो, भरपाई मिळते, पुन्हा भरती निघाली तर पहिला हक्क मिळतो. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर यातलं काहीच लागू होत नाही. एका ओळीच्या कागदाने लाखभर रुपयांचा फरक पडतो, आणि तो कागद तुमच्याच हातून लिहून घेतला जातो.

हे बहुतेक वेळा असं घडतं. शनिवारी संध्याकाळी एकेकाला केबिनमध्ये बोलावतात. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो, त्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलेलं असतं. ‘आज सही केली तर महिन्याचा जादा पगार, उद्या काही सांगता येणार नाही’ असं तोंडी सांगतात. कधी ‘एक्सपिरियन्स लेटर खराब जाईल’ असंही म्हणतात. अशा वेळी शांतपणे म्हणा: ‘साहेब, कंपनीला मला कमी करायचं असेल तर तसं लेखी द्या. मी राजीनामा देत नाही. कागद घरी नेऊन वाचतो.’ आवाज चढवू नका, कागद फाडू नका. पुढे वर्तणुकीचा ठपका ठेवायला निमित्त मिळेल असं काही करू नका.

बाहेर आल्याबरोबर मॅनेजरला मेल किंवा व्हॉट्सॲप करा: अमुक तारखेला मला राजीनामा मागितला, मी दिला नाही, मी कामावर हजर आहे. दुसऱ्या दिवशी हजर राहा. आत घेतलं नाही तर गेटवरून तोच मेसेज पुन्हा पाठवा. हेच मेसेज पुढे पुरावा ठरतात.

सही केलीच आहे. आता?

दिवस घालवू नका. दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे, असं लगेच लेखी कळवा आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती ठेवा. राजीनामा स्वीकारण्याआधी असं पत्र पोहोचलं तर बाजू बळकट होते. उशीर झाला असला तरी दबावाचा मुद्दा मांडता येतो, पण सिद्ध करावा लागतो.

कपात झाली तर नक्की किती पैसे मिळायला हवेत?

आधी बघायचं, वर्षभरात २४० दिवस काम भरलंय का. पगारी सुट्ट्या त्यात धरतात. भरलं असेल तर:

नोटीस एक महिन्याची, किंवा महिन्याचा पगार. भरपाई दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरायचं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. शिल्लक रजेचे पैसे कंपनीच्या नियमाप्रमाणे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत (तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे) आणखी एक रक्कम आली आहे, पुनर्कौशल्य निधीची, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीची. मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतके पैसे भरायचे आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचे.

उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये, नोकरी ८ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वर गेल्यामुळे ९ वर्षं धरायची.

ग्रॅच्युइटी: १५,६०० भागिले २६ गुणिले १५ म्हणजे ९,०००. गुणिले ९, झाले ८१,०००.
कपात भरपाई: अर्ध्या महिन्याचे ७,८०० धरले तरी गुणिले ९, झाले ७०,२००.
नोटीसचा पगार: १५,६००.
पुनर्कौशल्य निधी: ७,८००.

एकूण १,७४,६०० रुपये, आणि चालू महिन्याचा पगार व रजेचे पैसे याच्या वर. ‘दोन पगार देतो, सही करा’ असं कोणी म्हणालं तर हा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून समोर ठेवा. कागदावर पेनाने लिहून नेलेला हिशेब बघितला की समोरच्याची भाषा बदलते.

चुकता पगार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याजासह. कपात भरपाई ५ लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आयकरातून सुटते.

जुना कायदा चालतो की नवा?

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी. दर वर्षाला १५ दिवस आणि एक महिन्याची नोटीस हा गाभा दोन्हींत सारखा आहे. मुदत मात्र बदलली. आधी कामावरून काढल्यापासून तीन वर्षांत दाद मागता यायची, आता दोन वर्षांत.

सरकारच्या परवानगीशिवाय काढता येत नाही ना?

ती अट मोठे कारखाने, खाणी आणि मळे यांना आहे. आधी १०० कामगारांची मर्यादा होती, आता ३०० झाली. केबल-ब्रॉडबँडच्या ऑफिसला त्याचा आधार मिळत नाही, म्हणून त्या आशेवर थांबू नका.

मी ‘टीम लीडर’ आहे. मला हे लागू होतं का?

हुद्द्याचं नाव नाही, रोजचं काम बघतात. टीम लीडर म्हणून सही करता पण दिवसभर स्वतःच स्प्लायसिंग करता, कम्प्लेंट सोडवता, तर तुम्ही कामगार. खरोखर फक्त देखरेख करत असाल तर नव्या संहितेत महिना १८,००० पर्यंतचा पगार असलेला कामगार धरला जातो. माणसं नेमणं, काढणं, रजा मंजूर करणं हे अधिकार तुमच्याकडे असतील तर बाजू कमजोर होते. म्हणून रोजच्या जॉब शीट आणि तिकिटांचे फोटो जपून ठेवा. तुम्ही काय करत होता ते त्यावरून दिसतं.

माझ्या मागून आलेल्याला ठेवलं आणि मला काढलं.

एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा नियम जुन्या कायद्यातही होता आणि नव्यातही आहे. कंपनीला तो मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ज्येष्ठता यादी लावली होती का, ते विचारा. ठेवला गेलेला पोरगा तुमचा शत्रू नाही, त्याच्याशी भांडू नका.

मी कंपनीचा नाही, ठेकेदाराकडून आहे. टीशर्ट कंपनीचा, पगार ठेकेदाराचा.

सीमाभागात फील्डवरची बरीच माणसं याच घरात मोडतात, आणि सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही, ठेकेदार म्हणतो मला वरून ऑर्डर बंद झाली.

दोन गोष्टी पक्क्या आहेत. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पीएफचंही तसंच. आणि ठेकेदार हाही तुमचा मालकच आहे, त्यामुळे २४० दिवस भरले असतील तर नोटीस आणि भरपाई त्याच्याकडून मागता येते. दर वर्षी ठेकेदाराचं नाव बदललं पण तुम्ही त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली राहिलात, तर ती साखळी दाखवणारा प्रत्येक कागद गोळा करा: जुनी ओळखपत्रं, गेट पास, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, कंपनीच्या ॲपवर तुमच्या नावाने आलेली तिकिटं. ॲप बंद व्हायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. कपातीच्या दिवशी सगळ्यात आधी लॉगिन बंद होतं.

मुदतीच्या करारावर, म्हणजे फिक्स्ड टर्मवर असाल तर मुदत संपणं ही कपात धरत नाहीत. पण नव्या संहितेप्रमाणे अशा कामगाराला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते. हे ठेकेदार आपणहून सांगत नाहीत, तुम्ही विचारा.

आम्ही चार पोरं गल्लीतल्या केबल ऑपरेटरकडे आहोत. आम्हाला काय?

पीएफला साधारण २० माणसं लागतात, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटीला १०. ते लागू नसलं तरी किमान वेतन, थकलेला पगार आणि नोटीस हे हक्क आहेतच. ऑपरेटरही अनेकदा आपल्याच ओळखीचा, घरचाच असतो आणि त्याचीही कनेक्शनं गेलेली असतात. आधी चार लोकांसमोर बसून हिशेब लिहून घ्या. तारीख आणि हप्ते लेखी ठरले तर निम्मं काम झालं.

काढत नाहीत, पण हुबळीला किंवा कलबुर्गीला बदली दिली आहे.

नियुक्तीपत्रात बदलीची अट आहे का, ते आधी बघा. असेल तर सरळ नकार देऊ नका, कारण गैरहजेरी दाखवून काढणं सोपं जातं. आधी लेखी विनंती करा: घरात आजारी माणूस, मुलांची शाळा, पगारात भाडं न परवडणं, जे खरं असेल ते. बेळगाव-हुबळी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, रोजची ये-जा जमवणारे आहेत. कलबुर्गीला तसं जमत नाही. सोळा हजारांच्या माणसाला तिकडे पाठवणं म्हणजे त्याने आपणहून सोडावं हाच हेतू असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रात तसं न लिहिता अडचण लिहा, आणि शक्य असेल तर निषेध नोंदवून हजर व्हा, मग दाद मागा.

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, देऊ करतायत. घ्यावी का?

आकडा बघून ठरवा. बीएसएनएलने २०१९ मध्ये ५० वर्षांवरच्यांना योजना दिली, तेव्हा झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार असा हिशेब होता. ७८ हजारांहून जास्त लोकांनी ती घेतली आणि ते ३१ जानेवारी २०२० ला एकदम बाहेर पडले. खासगी कंपनी तेवढं देईल असं नाही. पण कायद्याने कपातीत मिळणाऱ्या १५ दिवसांपेक्षा खूप वर असेल तरच ती ‘स्वेच्छा’ घेण्यासारखी. पंधराच्या जवळपास असेल तर तुमची सही फुकटात मागतायत असं समजा. ग्रॅच्युइटी त्या आकड्यात धरली आहे की वेगळी, हे लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

कंपनीचं सामान माझ्याकडे आहे. ते धरून ठेवू का, पैसे मिळेपर्यंत?

धरून ठेवू नका, चोरीची तक्रार होईल. पण पावतीशिवायही देऊ नका. स्प्लायसिंग मशीन, क्लीव्हर, पॉवर मीटर, ओटीडीआर (फायबरमधला बिघाड शोधायचं यंत्र), शिडी, सेट-टॉप बॉक्स आणि मोडेमचे सिरियल नंबर, सिम, ओळखपत्र, सगळं एका कागदावर लिहा. मशीन चालू करून स्क्रीनचा फोटो काढा. स्टोअरवाल्याची सही आणि तारीख घ्या. नंतर ‘तीन बॉक्स कमी आले’ म्हणून फायनल सेटलमेंटमधून रक्कम कापतात, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. वसुली करत असाल तर ग्राहकांचे पैसे त्याच दिवशी भरून पावती घ्या, आणि आपल्या फोनवर यूपीआयने पैसे घेणं लगेच थांबवा.

पीएफ लगेच काढू का?

गरज असेल तेवढाच काढा. नोकरी गेल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. पेन्शनचे पैसे मात्र घाईने काढू नका. एकूण दहा वर्षांची सेवा भरली की पेन्शनचा हक्क येतो आणि मधल्या वेगवेगळ्या नोकऱ्या एकाच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, जोडता येतात. दहाच्या आत असाल तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, पुढच्या नोकरीत ती वर्षं धरली जातील. पाच वर्षांच्या आत ५० हजारांहून जास्त काढले तर टीडीएस कापतात. आजच ९९६६०४४४२५ वर नोंदलेल्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्या, शिल्लक कळेल. पगारातून कापलेला पीएफ भरलाच नव्हता, असं निघालं तर कागद लगेच पीएफ कार्यालयाकडे न्या.

घरात आजारी माणूस आहे. ईएसआय लगेच बंद होतं का?

लगेच नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ चालतो. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पुढच्या जुलै ते डिसेंबरला लागू पडते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये नोकरी गेली तरी अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयात चालू असलेले उपचार अर्ध्यात सोडायचं कारण नाही. शिवाय अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, असे पैसे मिळू शकतात. दोन वर्षांची विमा नोकरी लागते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखेत जाऊन विचारा.

कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दिला. मला नीट वाचता येत नाही.

न समजलेल्या कागदावर सही नाही. प्रत घ्यावीच लागली तर सहीजवळ आपल्या हाताने मराठीत लिहा: ‘फक्त प्रत मिळाली. मजकूर मान्य केलेला नाही.’ खाली तारीख आणि वेळ. फोटो काढून कन्नड शिकलेल्या पोराकडून घरी वाचून घ्या.

तक्रार मराठीत देता येते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करता येतो. मराठी अर्ज परत केला तर हे कलम नम्रपणे सांगा. तरीही माझा आग्रह आहे की सोबत कन्नड भाषांतर जोडा. अधिकाऱ्याला लगेच वाचता आलं तर तुमचं काम पुढे सरकतं, आणि आज आपल्याला काम पुढे सरकवायचं आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. यादीत नाव आलेला कन्नड किंवा उर्दू बोलणारा सहकारी तुमच्याच नावेत आहे. अर्ज एकत्र करा, सह्या एकाखाली एक घ्या. मराठी कामगार वेगळे आणि कन्नड वेगळे बसले की कंपनी दोघांशी वेगवेगळे सौदे करते.

तक्रार कुठे द्यायची?

नव्या संहितेत दूरसंचार क्षेत्र केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं. त्यामुळे दूरसंचार कंपनीविरुद्धचा वाद केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो, समाधान पोर्टलवर तो ऑनलाइनही टाकता येतो. गल्लीतल्या केबल ऑपरेटरविरुद्ध असेल तर राज्याच्या कामगार खात्याचं बेळगावचं कार्यालय. चुकीच्या दारात गेलात आणि ‘हे आमच्याकडे नाही’ म्हणाले, तर तेवढं लेखी घ्या. आधी समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तिथे मिटलं नाही तर त्याचा अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं.

वकील परवडत नाही.

औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे. महिलांनाही आहे. बेळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

गाडीचा हप्ता, बायकोच्या गटाचा हप्ता. वसुलीवाले दारात येतील.

पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेला किंवा पतसंस्थेला कपातीचं पत्र जोडून मुदत मागा. चुकल्यावर मागितली तर ऐकून घेत नाहीत. मायक्रोफायनान्सच्या माणसाने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. विनापरवाना सावकार धमकावत असेल तर फेब्रुवारी २०२५ पासून कर्नाटकात त्यासाठी वेगळा कायदा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. पोलिसांत जा. एक कर्ज फेडायला दुसऱ्या गटातून कर्ज काढू नका, आणि भरपाईची रक्कम घरातल्या बाईला न विचारता कुठेही गुंतवू नका.

आता दुसरं काय काम मिळेल?

फायबर जोडता येत असेल तर हातात विद्या आहे. भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगावच्या इंटरनेट योजनेची, लाइन ग्रामपंचायतींपर्यंत जाते, तिची देखभाल लागते. सीसीटीव्ही, उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांतलं नेटवर्किंग, छतावरचं सोलर, याही कामांना खांबावर आणि छतावर न घाबरणारा माणूस लागतो. फक्त कोॲक्सवर काम केलं असेल तर पुनर्कौशल्य निधीच्या पैशातून आधी स्प्लायसिंग आणि ओटीडीआर शिका. भरपाईच्या पैशात स्वतःचं केबल नेटवर्क विकत घ्यायचा विचार मात्र माझ्या मते चुकीचा आहे. धंदा का आटतोय ते वर सांगितलंच आहे.

काही महिन्यांनी त्याच कंपनीने नवीन पोरं भरती केली तर?

कपात झालेल्या कामगाराला आधी बोलवावं लागतं. नव्या संहितेत कपातीपासून एक वर्षापर्यंत हा अग्रक्रम आहे. म्हणून बाहेर पडतानाच कंपनीला लेखी द्या: ‘त्याच कामासाठी भरती निघाल्यास मी तयार आहे’, खाली पत्ता आणि मोबाइल. नंबर बदलला तर तोही कळवा. भरतीची जाहिरात किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज दिसला की तारखेसह जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात अर्ज टाका. ठेकेदाराच्या नावाने तीच जागा भरली जात असेल तर तक्रारीत तेही लिहा. हे राजीनामा दिलेल्याला मिळत नाही, कपात झालेल्यालाच मिळतं.